काचघरातली व्हॅनिला

तबिथा ऑर्मरॉडनं व्हॅनिला आयुष्यात एकदाच चाखली होती, आणि तीही चमचाभर. गिरणीमालक थॅकरा यांच्या मुलीच्या लग्नात कामगारांची पंगत मागच्या अंगणात बसली होती. आतल्या बड्या मंडळींचं उरलेलं कस्टर्ड फिरत फिरत रफू खात्यातल्या बायकांपर्यंत आलं. बाकीच्यांनी आपापला चमचा गिळला आणि त्या पुन्हा मटणाकडे वळल्या. तबिथा चमचा तोंडात तसाच धरून बसली. हा वास कशाचा? फुलाचा म्हणावा तर फुलाचा नाही, फळाचा म्हणावा तर फळाचाही नाही. तिनं वाढणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "व्हॅनिला. परदेशातनं येते," आणि भांडं घेऊन पुढे गेली.

पुढे सहा वर्षांनी गावाच्या काचघरात, कोपऱ्यातल्या एका वेलीपाशी, तिला जस्ताच्या पट्टीवर तेच नाव दिसलं. व्हॅनिला, मेक्सिको.

हॅलोबी हे ब्लँकेटं विणणाऱ्यांचं गाव. वर्षातले आठ महिने धूर आणि पाऊस. अशा गावाला उष्ण देशांतल्या झाडांचं वेड लागलं होतं. खिडकीत काचेच्या बरणीत नेचा नाही असं घर सापडणं कठीण. वर्गणी काढून गावानं काचघर बांधलं होतं, तळघरात बॉयलर बसवला होता आणि शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या की निम्मं गाव तिथं लोटायचं. लोटायचं ते केळीपाशी. केळीला त्या वर्षी घड धरला होता. घड खाली लोंबतो आणि केळी मात्र वर तोंड करून वाढतात, हे बरोबर की झाडाला काही रोग झालाय, यावर विणकरांच्यात दर शनिवारी वाद रंगायचा.

तबिथा केळीच्या गर्दीत कधी शिरली नाही. ती वेलीपाशी उभी राहायची. आधी तिनं पान हुंगलं. काही नाही. मग कोणी बघत नाही असं पाहून पान चोळलं. गवतासारखा हिरवट वास. खाली गळून पडलेली मलूल, पिवळट फुलं उचलली, ती नाकाशी नेली. काहीच नाही. वेलीचं खोड, हवेत लोंबणारी मुळं, सगळं हुंगून झालं. मग तो वास राहतो तरी कुठे?

"शेंगेत," असं एका शनिवारी तिच्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

काचघराचे मुख्य माळी इनियास पर्डी होते ते. स्कॉटलंडचा माणूस, साठीला टेकलेला, पांढऱ्या कल्ल्यांचा, लोकांशी बोलणं म्हणजे झाडांचा वेळ चोरणं असं मानणारा.

"मग शेंग कुठाय?" तबिथानं विचारलं.

"येत नाही."

"का येत नाही?"

"बाई, तिकडं केळीला घड आलाय, तो बघा. सगळे तोच बघतायत."

"म्हणून तर तुम्हाला विचारायला मी मोकळी आहे."

पर्डींनी तिच्याकडे एकवार पाहिलं, पाण्याची झारी उचलली आणि निघून गेले. पण पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही. चौथ्या शनिवारी झारी खाली ठेवून ते म्हणाले, "ऐका. मेक्सिकोत एक बारीकशी माशी असते, ती हे फूल फळवते. ती माशी इकडं नाही. काही बेटांवर माणसं हातानं फळवतात म्हणे. मी सहा वर्षं खटपट करतोय. झालं समाधान?"

"हातानं म्हणजे कसं?"

"ते बघायला सकाळी यावं लागेल. हे फूल एका सकाळपुरतं उमलतं. दुपारपर्यंत खलास."

इथंच तर पंचाईत होती. तबिथाची गिरणी सकाळी सहाला सुरू व्हायची, आणि रविवारी काचघर बंद असायचं. तीन वर्षं ती या वेलीपाशी येत होती आणि तीन वर्षांत तिनं उमललेलं फूल पाहिलंच नव्हतं.

"शेंगेवाचून काय अडलंय तुझं?" तिची बहीण लेटिस म्हणायची. दोघी शेजारी शेजारी राहायच्या, आणि तबिथाच्या प्रत्येक गोष्टीवर लेटिसचं एक मत असायचं. "लोक नवरा शोधतात, तू वास शोधतेस."

"नवरा शोधून तू तरी काय हुंगतेयस? ओली लोकर आणि तंबाखू."

"ते खरं," लेटिस म्हणाली आणि हसत सुटली.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिटसनच्या सणाला गिरण्यांना दोन दिवस सुट्टी असते. सोमवारी सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून मिरवणुकीच्या तयारीला लागलेलं असताना तबिथा सातच्या आत काचघराच्या दाराशी हजर होती. पर्डी वेलीपाशी एका स्टुलावर चढले होते. हातात बोटभर लांबीची लाकडाची काडी. आणि वेलीवर, पानांच्या बेचक्यात, चार फुलं उमललेली.

तिला वाटलं होतं, एवढ्या वासाचं फूल म्हणजे थाळीएवढं असेल, रंगीत असेल. हे तर फिकट हिरवट पिवळं, अरुंद पाकळ्यांचं, मधोमध एक गुंडाळलेली नळी असलेलं साधं फूल. तरीही ती जवळ जाऊन बघतच राहिली.

पर्डींनी नळी फाडली, काडी आत घातली, आणि फूल देठापासून तुटून त्यांच्या हातात आलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. दुसऱ्या फुलाचंही तेच झालं. त्यांची बोटं फावड्यांनी आणि कुंड्यांनी जाड झालेली, आणि डोळे असे बारीक केलेले की जवळचं काही नीट दिसत नसावं, हे तबिथाच्या लगेच ध्यानात आलं.

"मी बघू का?" ती म्हणाली.

"हे ब्लँकेट नाही, बाई."

"माहीत आहे. ब्लँकेट मी असं फाडलं असतं तर गिरणीतनं हाकलली असती मला."

पर्डी स्टुलावर तसेच थांबले. मग त्यांनी तुटलेली दोन्ही फुलं तिच्या हातावर ठेवली. "आधी या मेलेल्यांवर हात चालवा."

तबिथा अठ्ठावीस वर्षं रफू करत होती. मागावरून उतरलेलं ब्लँकेट समोर आलं की त्यावर तळहात फिरवायचा, बोटाला लागेल ती गाठ चिमट्यानं उचलायची, तुटलेला धागा सुईनं पुन्हा विणायचा. तिची बोटं डोळ्यांच्या आधी बघायची. रफूचा चिमटा सुट्टीच्या दिवशीही तिच्या खिशात असायचा. तिनं एक फूल उलगडून तळहातावर पसरलं आणि मिनिटभर नुसतं निरखलं. आत एक छोटा दांडा होता. त्याच्या टोकाशी परागाची पिवळी गोळी, खाली एक चिकट खोलगट जागा, आणि दोघांच्या मध्ये कातडीचा एक इवलासा पडदा.

"हा पडदा आड येतोय," ती म्हणाली. "म्हणून आपलं आपण फळत नाही होय? दोघं एका घरात, आणि मधलं दार बंद."

"माझ्याकडच्या पुस्तकात हेच चार पानं लिहिलंय," पर्डी म्हणाले. त्यांच्या आवाजातला कडकपणा जरा उतरला होता.

दुसऱ्या मेलेल्या फुलावर तिनं हात बसवला. चिमट्याच्या टोकानं पडदा वर उचलायचा, अंगठ्यानं पिवळी गोळी खाली दाबायची, चिमटा अलगद काढून घ्यायचा. मग ती स्टुलावर चढली. पर्डींनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं. बाहेर मिरवणुकीचा बँड सुरू झाला होता. तबिथानं पहिलं जिवंत फूल डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं, श्वास रोखला, पडदा उचलला आणि दाबलं. फूल तुटलं नाही. तिनं दुसरंही केलं.

"आता?" तिनं खाली उतरून विचारलं.

"आता वाट बघायची. फळलं नसेल तर उद्या गळेल. फळलं असेल तर सुकेल, पण देठ सोडणार नाही."

मंगळवारी ती धावतच आली. दोन्ही फुलं सुकली होती आणि दोन्ही जागच्या जागी होती. पर्डींनी एका फुलाला बोट लावून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. मग टोपी काढून उगाचच डोकं खाजवलं. "सहा वर्षं," ते म्हणाले.

वेल आणखी तीन आठवडे फुलत होती. पर्डी पहाटे पाचलाच काचघराचं मागचं दार उघडून ठेवायचे. तबिथा गिरणीला जाता जाता आत शिरायची, त्या दिवशी उमललेली दोन-तीन फुलं हाताळायची आणि भोंगा व्हायच्या आत गिरणीच्या फाटकात असायची. तिच्या हातून एकवीस शेंगा धरल्या.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. गावच्या वर्तमानपत्रानं छापलं की हॅलोबीच्या काचघरात मेक्सिकोची व्हॅनिला फळली. शनिवारी केळीपाशी चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव वेलीखाली. शेंगा एव्हाना वीतभर लांब, हिरव्यागार लोंबत होत्या. प्रत्येकानं मान वर करून नाक पुढे केलं.

"कसला वास येतोय का?"

"मला तुझ्या टोपीचा येतोय, मागं हो."

"अहो, हा तर घेवडा आहे!"

"घेवडाच! माझ्या परसात याहून मोठा येतो."

लेटिसही आली होती. तिनं बराच वेळ वास घेण्याचा प्रयत्न केला, मग बहिणीच्या कानाशी लागली. "तबी, पहाटे उठून तू हे केलंस? घेवडा?"

"थांब जरा."

"किती?"

"पर्डी म्हणतात, पिकायला नऊ महिने."

"नऊ महिन्यांनी माझ्या पोटातनं निदान पोरगं तरी निघालं होतं," लेटिस म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एक शेंग गायब झाली. ती कोणी नेली हे गावभर कळलं, कारण नेणाऱ्या बाईनंच सगळ्यांना सांगितलं. खाटकाची बायको. तिनं ती मटणाबरोबर उकडली होती आणि तिचा निर्वाळा असा की तिच्यात काडीचाही अर्क नाही. लोकांना ते पटलं. थंडी पडेपर्यंत गर्दी पुन्हा केळीकडे गेली.

तबिथा मात्र येत राहिली. नाताळ झाला, बर्फ पडलं, फेब्रुवारी सरत आला आणि शेंगांची टोकं पिवळी पडली. पर्डींनी त्या एकेक करून उतरवल्या आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तबिथानं पहिली शेंग उचलून हुंगली.

"काय?" पर्डींनी विचारलं.

"काहीच नाही."

"नक्की?"

"तुम्हीच बघा ना."

पर्डींनी शेंग घेतली, नाकापाशी नेली आणि ठेवली. "हं," एवढंच म्हणाले.

काचघराच्या समितीचे अध्यक्ष थॅकराच होते. त्यांनी व्हिटसनच्या सणाला व्हॅनिलाचं प्रदर्शन भरवायचं जाहीर करून टाकलं होतं. आता वीस शेंगा हातात आणि वासाचा पत्ता नाही. पर्डींनी दोन शेंगा बॉयलरच्या गरम नळावर वाळवून पाहिल्या, त्या चामड्याच्या वादीसारख्या झाल्या. दोन बरणीत घातल्या, त्यांना बुरशी आली. मग एका शनिवारी ते जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून एक पत्र घेऊन आले. त्यांचा पुतण्या जहाजावर सुतार होता आणि एका व्हॅनिलाच्या बेटावर महिनाभर अडकला होता. पत्रात बहुतेक सगळी तिथल्या दारूची तक्रार होती, पण मध्येच दोन ओळी होत्या, त्या पर्डींनी वाचल्या. "इथले लोक शेंगा गरम पाण्यात बुडवतात, मग लोकरीत गुंडाळून पेटीत ठेवतात आणि त्यांना घाम आणतात. मला वाटतं ते वेडे आहेत."

"लोकरीत?" तबिथा उठूनच उभी राहिली. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? हॅलोबीत?"

"पाणी किती गरम, ते लिहिलेलं नाही. उकळतं घातलं तर शेंगा शिजतील."

"उकळतं नाही घालायचं. लोकर धुतो तसं. हात घालता आला पाहिजे, पण ठेवता येता कामा नये."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण लोकरीतलं तेल काढायचं असेल तर आम्ही पाणी तेवढंच तापवतो. शेंगेला लोकर सोसत असेल, तर लोकरीचं पाणीही सोसेल. नाहीतरी चार गेल्याच आहेत. अजून दोन गेल्या तर गेल्या."

त्यांनी दोनच घेतल्या. तबिथानं पाण्यात हात घातला, झटकन काढला आणि मान हलवली. शेंगा बुडवून शंभर आकडे मोजले, मग आणखी शंभर. बाहेर काढून गरमागरम गुंडाळल्या, त्या तिनं घरून आणलेल्या जुन्या ब्लँकेटात, आणि ते गाठोडं लाकडी पेटीत घालून पेटी बॉयलरच्या नळाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार. चॅपेलमध्ये प्रवचन काय झालं ते तिला विचारू नका. सोमवारी गिरणी सुटल्यावर ती थेट पेटीपाशी गेली. शेंगा हिरव्या राहिल्या नव्हत्या. चॉकलेटी झाल्या होत्या आणि खरंच घामेजल्या होत्या.

मग रोज तेच सुरू झालं. पर्डी दुपारी त्या उन्हात तासभर पसरायचे, नाहीतर नळावर, आणि गरम असतानाच पुन्हा गुंडाळायचे. तबिथा संध्याकाळी येऊन उलगडायची, हुंगायची. पहिले काही दिवस ओल्या गवताचा वास. मग मनुकांचा. मग एक दिवस ब्लँकेटाची घडी उघडली आणि तिचा हात थांबला.

"काय झालं?" पर्डी म्हणाले.

तिनं पुन्हा हुंगलं. तोच होता. दहा वर्षांपूर्वीचा, चमच्यातला. तिनं शेंग पर्डींपुढे धरली. त्यांनी ती घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले, बराच वेळ धरून ठेवली. मग खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"येत नाहीय का?" तबिथानं घाबरून विचारलं. "अहो, खोलीभर झालाय!"

"झाला असेल."

"म्हणजे?"

"बाई, मला वास येत नाही," पर्डी म्हणाले. "बारा वर्षं झाली. किडीसाठी काचघरात गंधक जाळतात, तंबाखूचा धूर करतात. आयुष्यभर तो धूर घेतला. आधी गुलाब गेला, मग कांदा, मग सगळंच. समितीला माहीत नाही. ज्या माळ्याला कुजल्याचा वास कळत नाही त्याला कोण ठेवील?"

तबिथाला आता बरंच काही उमगलं. शेंग नुसती नाकाशी नेऊन "हं" म्हणणं. दर वेळी तिलाच हुंगायला सांगणं. सात वर्षं हा माणूस एका वासाच्या मागे होता, आणि तो मिळाला तरी त्याला मिळणार नव्हता.

"मग खटपट कशाला केलीत?" तिनं हळूच विचारलं.

"हे काय विचारणं झालं? फळते कशी ते बघायचं होतं." मग म्हणाले, "कसा आहे?"

"गोड आहे. पण साखरेसारखा नाही."

"मग कसा?"

"तेलकट... नाही, तेलकट नाही. दाट आहे."

"रफूत बरा हात चालतो तुमचा. बोलण्यात नाही."

तबिथा हसली नाही. तिनं शेंग पुन्हा हुंगली. लोणी म्हणून पाहिलं, जुनं लाकूड म्हणून पाहिलं. सगळ्याच वासांच्या गोष्टी, त्याला काय उपयोग? शेवटी ती म्हणाली, "जानेवारीत गार वाऱ्यात तुम्ही घरून चालत येता. बोटं बधिर झालेली असतात. काचघराचं दार ढकलता आणि आतली ऊब एकदम तोंडावर येते. ओली, जड. अंग सैल पडतं. ते पहिल्या पावलाला जे होतं ना, तसा आहे."

पर्डींनी ब्लँकेटाची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाले, "असा आहे होय," आणि उरलेल्या शेंगा मोजून पाणी तापत ठेवायला गेले.

व्हिटसनच्या सोमवारी काचघराबाहेर रांग पार बाजारापर्यंत लागली. काचेच्या थाळीत काळ्या, सुरकुतलेल्या, चकचकीत शेंगा, आणि बाजूला हॉटेलच्या आचाऱ्यानं केलेलं कस्टर्ड, माणशी एक चमचा. थॅकरांनी भाषण केलं. त्यात इंग्लंडचं कौतुक होतं, हॅलोबीचं होतं, समितीचं होतं आणि शेवटी पर्डींचं.

पर्डींनी मध्येच हात वर केला. "दुरुस्ती आहे, साहेब. फुलं मी तोडली. शेंगा मिस ऑर्मरॉड यांनी धरवल्या आणि पिकवल्याही त्यांनीच. तुमच्याच रफू खात्यातल्या."

थॅकरा गोंधळले. रफू खात्यातल्या बायकांनी मात्र टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळ्यात मोठ्यानं लेटिसनं. गेलं वर्षभर ती घेवडा म्हणत होती, हे ती साफ विसरली होती. "माझी बहीण," ती शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती. "आमच्या घरात पहिल्यापासून सगळ्यांचं नाक तल्लख."

चमचा तोंडात घालून लोक बाहेरच्या दाराकडे निघायचे, तिथं पर्डी उभे. प्रत्येकाला विचारायचे, "कसा वाटला?" लोकांना वाटलं, म्हातारा आज माणसात आलाय. कोणी म्हणालं, आजीच्या पेटीसारखा. कोणी म्हणालं, ताज्या पावासारखा, पण रविवारच्या. खाटकाची बायको म्हणाली, शेंग मटणात नको होती घालायला. पर्डी सगळ्यांचं मन लावून ऐकत होते आणि मधूनमधून तबिथाकडे बघत होते.

त्या शरदात तबिथानं गिरणी सोडली. काचघरात बाईमाणूस नको, शिड्या असतात, बॉयलर असतो, असं समितीतल्या दोघांचं म्हणणं होतं. पर्डी म्हणाले, मग पुढच्या वर्षी फुलं तुम्ही या फळवायला, पहाटे पाचला. विषय तिथंच मिटला. तिला कामाचा एप्रन मिळाला आणि मागच्या दाराची किल्ली मिळाली. पहाटे आत शिरलं की ती आधी सगळ्या काचघरातून एक फेरी मारायची आणि कुठं कुजल्याचा, कुठं बुरशीचा वास येतोय ते पर्डींना सांगायची. समितीला ते कधी कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ती एका उंच, गडद पानांच्या झाडापुढे थांबली. पट्टीवर लिहिलं होतं, जायफळ.

"याला फळ का नाही?" तिनं विचारलं.

"हा नर आहे," पर्डी म्हणाले. "मादी वेगळी असते. आपल्याकडे नाही."

"मग कुणाकडे आहे?"

पर्डींनी झारी खाली ठेवली आणि पत्र लिहायला कागद शोधू लागले.